गच्चीवरच्या खोलीची भाडेकरू

५ जानेवारी

ताई,

पत्रात नमस्काराची ओळ असते ती मुद्दाम गाळली आहे. राग उतरला की घालीन.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शुकशुकाट. म्हणून कागद. तू वाचलंस की नाही हे कागदाला सांगता येत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याची अब्रू तरी शाबूत राहते.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. रोग्याच्या तक्त्यावर नर्सने लिहावं तसं लिहिलंयस. मे अखेरपर्यंत सगळ्या खोल्यांचा हिशोब तुला तिकडे बसल्या जागी दिसला पाहिजे, त्यासाठी सॉफ्टवेअर घे नाहीतर आणखी काही घे, आणि जमलं नाही तर तुझा अर्धा हिस्सा तू शेजारच्या दुकानातल्या फर्निचरवाल्याला विकणार. खाली सही. 'तुझी' नाही, 'ताई' नाही. बँकेत करतेस ती लांबलचक सही, सख्ख्या भावाला.

ही इमारत उभी राहिली ती तुझ्या पगारावर आणि माझ्या हातांवर, हे मी कधी नाकारलं? भाड्याच्या नऊ खोल्या, वर गच्चीवर तुझी एक. कोण पहिल्या तारखेला देतो, कोण पगार झाल्यावर, शिंपी मास्तर गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली की दोन महिन्यांचं एकदम कसं देतात, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. दरवर्षी तुझा वाटा तुझ्या खात्यात जमा होतो. एकदा तरी कमी पडला?

मान्य, गेल्या वर्षी मी शिडीवरून पडलो आणि इस्पितळात होतो तेव्हा जरा गोंधळ उडाला. तुझ्या वहिनीने शिंपी मास्तरांकडे दोनदा भाडं मागितलं, आणि ज्यांच्याकडे मागायचं त्यांच्याकडे मागितलंच नाही. होतं असं. तू परदेशातून धावत आलीस, रात्रंदिवस माझ्या उशाशी बसलीस, तेही विसरलो नाही. पण म्हणून मी घरी आल्यावर, माझा पाय प्लास्टरात असताना, जेवायच्या टेबलाशी सगळ्यांदेखत काय म्हणालीस? "तुझ्या डोक्यातला हिशोब तुझ्या डोक्याबरोबर जाईल." धाकट्या भावाच्या मरणाची भाषा, तीही आमटी वाढताना.

मग मीही बोललो की भरवसा नसेल तर हिस्सा वेगळा कर. माणूस रागात बोलतो. तू मात्र तेवढंच खरं धरलंस. गच्चीवरच्या खोलीची किल्ली टेबलावर टाकलीस आणि बॅग उचललीस.

तुझा तो फर्निचरवाला आत्तापासूनच मालकाच्या रुबाबात आहे. आपल्या जिन्याखाली दोन कपाटं आणून ठेवली आहेत. विचारलं तर दात काढून म्हणतो, ताईंशी बोलणं चालू आहे. म्हणजे त्याच्याशी चालू आहे. बरं.

घेतो सॉफ्टवेअर. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला मला चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझा धाकटा


२३ जानेवारी

ताई,

(नमस्कार अजून नाही.)

सॉफ्टवेअरच्या बाजारात फिरून आलो. तू म्हणशील, याला फोनमधला गजर लावता येत नाही, हा काय घेणार. गजर येत नाही हे खरं. पण समोरचा मला लुटणार की नाही हे मला त्याच्या खुर्ची सरकवण्यावरून कळतं. भिंतीआडच्या विजेच्या तारेची सैल जोडणी मी कानाने शोधायचो. उगाच तू मला लांबकान्या म्हणत नव्हतीस.

पहिलं ऑफिस काचेचं होतं. आत थंडी, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, आणि टाय लावलेला एक जण. त्याने भिंतीएवढ्या पडद्यावर एक इमारत दाखवली. दोनशे घरं, लिफ्ट, पोहायचा तलाव, तलावाचा वेगळा हिशोब. मग मोठ्या अदबीने विचारलं, सरांच्या मालमत्ता किती. मी म्हटलं, नऊ खोल्या आणि एक जिना. दाब कमी झाला की दिवा कसा मिणमिणतो, तसं त्याचं हसू झालं.

चांदीचा प्लॅन, सोन्याचा प्लॅन, हिऱ्याचा प्लॅन. सगळे दर खोलीमागे, दर महिन्याला. मी मनातल्या मनात गुणाकार केला. नऊ खोल्यांचा हिशोब ठेवायला अख्ख्या एका खोलीचं भाडं जात होतं. म्हणजे एक खोली हिशोबालाच राहायला द्यायची. मी तसं म्हटलं, तर तो "साहेबांना विचारतो" म्हणून फळीच्या आड गेला. फळी पातळ होती. आतून ऐकू आलं, "म्हातारा आहे. सोन्याचा दाखवतो, चांदीवर येईल. पहिल्या वर्षी कमी लावू. दुसऱ्या वर्षी जातो कुठे, सगळी माहिती आपल्याकडेच असणार." बाहेर आला तो तोंडभर हसत. मी उठलो आणि म्हटलं, दुसऱ्या वर्षी कुठे जायचं ते बघू, आज घरी जातो.

मग तुझ्या भाचीने एक शोधून दिलं, जन्मभर फुकट. तीन संध्याकाळी बसून पाच खोल्या भरल्या. सहावी भरायला गेलो तर पडद्यावर कुलूप. फुकट ते पाच खोल्यांपुरतंच. ही कसली तऱ्हा? माणसाला अर्ध्या जिन्यापर्यंत चढू द्यायचं आणि मग वरच्या पायऱ्यांचे पैसे मागायचे?

तिसऱ्याने भाड्याची तारीख एकच धरली, पहिली. दुसऱ्या तारखेला शिंपी मास्तर पडद्यावर लाल. शाळेतल्या बाई लाल. पार्सलं पोचवणारे दोघे भाऊ लाल. यांच्यातल्या एकानेही आजवर आपलं भाडं बुडवलेलं नाही आणि यंत्राने इमारतीला गोवर आणला. तुझी वहिनी हसत सुटली. मला हसू आलं नाही.

आता मला कळलंय काय पाहिजे ते. दर इमारतीमागे असावा, खोलीमागे नको. प्रत्येक भाडेकरूची तारीख वेगळी लावता आली पाहिजे. सोडून जायचं ठरवलं तर आपला हिशोब आपल्याला कागदावर काढून नेता आला पाहिजे, टायवाल्यासारखं ओलीस ठेवणं नको. आणि अडलं तर फोनवर माणूस भेटला पाहिजे, एक दाबा दोन दाबा नाही. एवढं ज्याच्याकडे असेल त्याचं घेईन, मग ते दिसायला कसं का असेना.

हल्ली वारा सुटला की वरून काहीतरी आपटल्याचा आवाज येतो. शेजारच्या इमारतीची खिडकी असणार. त्यांना सांगायला हवं.

तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

ताई,

मिळालं.

एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर एक बाई आणि तिचा नवरा, दोघेच हे सॉफ्टवेअर चालवतात. फोन बाईंनी स्वतः उचलला. मागे कुणाला तरी पाढे म्हणायला बसवलेलं होतं. मी म्हटलं नऊ खोल्या. त्या म्हणाल्या, "मग सगळ्यात लहान प्लॅन पुरेल, मोठा घेऊ नका." मला लगेच संशय आला. स्वतःहून कमी विकणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पण माझ्या चारही अटी बसल्या, आणि दर तर असा की वर्षाचे पैसे जिन्यातल्या दिव्याच्या बिलापेक्षा कमी. तो दिवा सध्या बंद आहे, ते सोड.

अडलं ते तुझ्यापाशी. लहान प्लॅनमध्ये मालक एकच. दुसरा जोडायचा तर दाम दुप्पट. दोन मालक म्हणजे काय दोन इमारती झाल्या? पैशांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. (पैशांचाही आहे.)

पण बोलता बोलता बाईंकडून कळलं की भाडेकरू कितीही असोत, प्रत्येकाला आपापलं खातं फुकट. त्याला तिथे आपली पावती दिसते, तक्रार नोंदवता येते, आणि त्याच्यासाठी मालकाने ठेवलेली कागदपत्रं वाचता येतात. मी कान टवकारले. कागदपत्रं म्हणजे कुठलीही? कुठलीही.

मग काय, केलं. तुला भाडेकरू केलं.

रागावू नकोस, आधी युक्ती बघ. गच्चीवरची खोली तुझ्या नावे लावली. भाड्याच्या रकान्यात शून्य लिहिलं तर ते घेईना, म्हणून नुसता एकचा आकडा लिहिला. आगाऊ रकमेच्या जागी 'अर्धी इमारत' लिहून पाहिलं, अक्षरं चालत नाहीत म्हणालं. आता दर महिन्याला सगळ्या खोल्यांचा पूर्ण हिशोब तुझ्या कागदपत्रांत ठेवीन. तिकडे बसल्या जागी बघ. पै न् पै दिसेल, आणि वर एक छदामही जास्त गेला नाही.

बाई म्हणाल्या, असं करू नका, यंत्राला नाती कळत नाहीत, ते भाडेकरूला भाडेकरूच समजणार. मी म्हटलं, आमच्या घरातलं आम्ही बघून घेऊ.

खात्याचं नाव आणि परवलीचा शब्द सोबतच्या चिठ्ठीवर आहे. आता म्हण, भाऊ हिशोब देत नाही म्हणून.

तुझा धाकटा


४ मार्च

ताई,

ती नोटीस मी पाठवलेली नाही. पहिल्या वाक्यात सांगतो, कारण दुसरं तू वाचशील की नाही कोण जाणे.

पहिल्या तारखेला यंत्राने आपल्या अकलेने पाठवली. मला ती तुझ्या भाचीने वाचून दाखवली. "प्रिय भाडेकरू, आपले भाडे थकले आहे. सात दिवसांत न भरल्यास खोली रिकामी करून घेण्यात येईल. आपला नम्र, मालक." खाली माझं नाव. नम्र म्हणे. बाकीच्या नऊ जणांच्या तारखा मी एकेक करून बसवल्या होत्या. तुझी पहिलीच राहिली, कारण तू काही भाडं देणार नव्हतीस. सरळ आहे की नाही? कुठल्याही शहाण्या माणसाला हे कळलं असतं.

आणि तू काय केलंस? भावाला फोन लावून दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी निमूट ऐकल्या असत्या. तू भाडं भरलंस. एक. आणि शेऱ्याच्या जागी लिहिलंस, "भाडे भरले आहे. पावती द्यावी."

द्यावी. मला. लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडलेली बाई मला 'द्यावी' लिहिते. यापेक्षा शिवी बरी, ताई. पावती दिलेली नाही आणि देणारही नाही.

यावर कडी म्हणजे ही बातमी मला फर्निचरवाल्याने सांगितली. हातात पाना घेऊन जिन्यात उभा होता. "तुम्ही ताईंना खोली खाली करायची नोटीस दिलीत म्हणे? पटकन विकून मोकळ्या होतो म्हणाल्या." म्हणजे घरातली गोष्ट तू त्याला सांगितलीस, आणि मी ती त्याच्या तोंडून ऐकायची. त्याची कपाटं आता दोनाची तीन झाली आहेत. शाळेतल्या बाईंना सायकल वर न्यायला आडवं व्हावं लागतं.

बेकरीवरच्या बाईंना फोन केला. त्यांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, पण 'हं' इतकं लांबवलं की मला ते ऐकू आलं. नोटिसा बंद केल्या आहेत. फेब्रुवारीचा हिशोब मात्र तुझ्या कागदपत्रांत ठेवलाय. तो वाचलास का? की भावाचं वाचायचं ते फक्त वाईट?

विकायचं तर मे अखेरपर्यंत थांबायचं ठरलं होतं. ते तरी पाळ.

धाकटा


२६ मार्च

ताई,

उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. समुद्रापलीकडून खिडक्या हाकताना आता पाहिलं.

तुझी तक्रार आली. "गच्चीवरच्या खोलीच्या खिडकीची कडी निसटते. वाऱ्याने आपटते. लवकर दुरुस्त करावी." मी तुझ्या वहिनीला म्हटलं, बघ, तिकडे बसून हिला इथल्या कडीचा आवाज येतो. माझे कान लांब म्हणतात, हिचे तर विमानाने येतात. वहिनी म्हणाली, वर जाऊन बघा तरी. मी म्हटलं, ती खिडकी शेजारच्यांची आहे. वहिनीने किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली.

तू गेल्यापासून ती खोली उघडली नव्हती. दहावी खोली भाड्याने का देत नाही म्हणून तीन जणांनी विचारलं, तिघांनाही सांगितलं की छत गळतं. छत गळत नाही. कॅलेंडर गेल्या वर्षीचं, तुझा चहाचा मग खिडकीत उपडा, चादरीला तू घातलेली घडी तशीच. आणि खिडकी सताड उघडी. कडी निसटली होती. चौकटीचं लाकूड भिजून फुगलं होतं.

बसवली नवी कडी. पण मग एक विचार मनात आला. आवाजाचं मी फक्त तुला लिहिलेल्या पत्रात लिहिलं होतं. म्हणजे पत्रं वाचतेस. पाकिटातली खात्याची चिठ्ठी तेवढी घेऊन पत्रं न वाचता फेकत असशील असं मी इतके दिवस धरून चाललो होतो, आणि त्या हिशोबाने बरंच काही लिहून गेलो.

बरं, दुरुस्ती केली तर तक्रार मिटवावी की नाही? मिटेना. बाई म्हणतात, मिटवायचं बटण भाडेकरूकडेच, नाहीतर मालक लोक काम न करता मिटवून मोकळे होतात. मी तसला मालक वाटलो का? तू फोटो मागितलास. फोटो पाठवला. तेव्हा कुठे 'मिटली' आलं.

लगेच दुसरी. न्हाणीघरातला नळ ठिबकतो. ठिबकत होता, वायसर बदलला, फोटो पाठवला.

आणि तिसरी. ती वाचून माझ्या हातातला फोन पडला असता. "जिन्याच्या वळणावरचा दिवा बंद आहे. मालकाने स्वतः शिडीवर चढू नये. वायरमन बोलवावा."

अगं, मी वायरमन आहे. या इमारतीतली एकूण एक तार मी ओढली आहे. या गावातल्या निम्म्या घरांत उजेड माझ्या हाताने पडलाय, आणि तू मला वायरमन बोलवायला सांगतेस? गेल्या वर्षी शिडीवरून पडलो तो हाच दिवा बदलताना, हे तुला कुणी सांगायला नको. त्यानंतर तो बदलला नाही, कारण वेळ झाला नाही. दुसरं काही कारण नाही. शिडी तिथे भिंतीलाच टेकवून ठेवलेली आहे. मी रोज तिच्याजवळून जातो.

बघतो काय करायचं ते.

धाकटा


१८ एप्रिल

ताई,

दोन तारे.

पाचांपैकी दोन. दर तीन महिन्यांनी भाडेकरूने मालकाला तारे द्यायचे अशी सोय त्यात आहे, हे मला माहीत असतं तर मी टायवाल्याचा हिऱ्याचा प्लॅन घेतला असता. शिंपी मास्तरांनी पाच दिले. पार्सलवाल्या भावांनी पाच दिले, तेही दोघांनी दोन वेगवेगळ्या फोनवरून. शाळेतल्या बाईंनी चार दिले, त्यांना सवयच आहे हात राखून मार्क द्यायची. आणि सख्ख्या बहिणीने दोन. खाली शेरा, "मालक ऐकतात सगळे, मान्य काही करत नाहीत."

हा शेरा तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचला आणि पुन्हा वाचला. आता घरात मी काहीही म्हटलं की ती नुसती दोन बोटं दाखवते.

वायरमन बोलावला. झालं समाधान? तो वर चढला, मी खाली शिडी धरून उभा राहिलो. तो उतरेपर्यंत शिडी सोडली नाही ती त्याचं वजन जास्त होतं म्हणून. दिवा लागला. फोटो पाठवलाय. त्याची मजुरी हिशोबात घातली आहे.

मजुरीवरून आठवलं. तक्रारीच्या जागी तू हिशोबातले प्रश्न विचारायला लागली आहेस, ती जागा त्यासाठी नाही. "देखरेखीची मजुरी कुठे दिसत नाही. मालकाने स्वतःची मजुरी किती वर्षं घेतली नाही? रकाना रिकामा ठेवू नये." आपल्याच घरच्या नळाला हात लावायची मजुरी घ्यायची? मग उद्या तुझी वहिनी भाकरीची घेईल. तो रकाना रिकामा होता, रिकामा राहील. आणि हिशोबात तुला नडण्यासारखं एवढंच सापडलं ना? मग चोख आहे म्हण की. तोंड दुखतं का?

आता जे लिहितो ते नीट वाच, रागाने लिहीत असलो तरी. फर्निचरवाला परवा जिन्याखाली कपाटाच्या आड उभा राहून फोनवर बोलत होता. त्याला वाटलं वर कुणी नाही. तळमजला सगळा गोदामाला, शिंपी मास्तरांना आधी काढायचं, बाईंना नंतर, आणि गच्चीवरची खोली पाडून तिथे दुकानाची पाटी उभी करायची. "त्या बाईला काय कळतंय, ती तिकडे. अर्धा हिस्सा हातात आला की भाऊ आपोआप थकेल." हे त्याचे शब्द, यात माझा एकही नाही. तुला विकायचं तर विक, तुझा हक्क आहे. पण कुणाला विकतेस ते ऐकून विक. माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या कानांवर ठेव, त्यांच्याबद्दल तुझी कधी तक्रार नव्हती.

एक सांगायचं राहिलं. ते सॉफ्टवेअर आता तुझी वहिनीच उघडते. मला विचारतसुद्धा नाही. परवा मी दिवसभर बाहेर होतो. परत आलो तर तिघांचं भाडं जमा, पावत्या गेलेल्या, शिंपी मास्तरांच्या नावापुढे 'पुढच्या महिन्यात एकदम' अशी नोंद. कुणाकडेही दोनदा मागितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मी घरी नसलो तरी चालतं म्हणायचं. ती म्हणाली, "चालतं. म्हणून काही तुम्ही जायची घाई करू नका."

त्यावरून तुझं ते टेबलाशी बोललेलं वाक्य पुन्हा आठवलं. डोक्याबरोबर जाईल वगैरे. तेव्हा ऐकताना त्यात फक्त माझं मरण ऐकू आलं होतं. तेव्हा वहिनी तुझ्या शेजारीच बसली होती, तुझ्या वाक्याबरोबर तिने ताटातला हात मागे घेतला होता, हे आता आठवतंय. असो. वाक्य बोलायची ती जागा नव्हती, या मताचा मी अजून आहे.

धाकटा


२४ मे

ताई, नमस्कार.

घातली ओळ. त्याचा अर्थ राग गेला असा घेऊ नकोस. दोन तारे मी विसरलेलो नाही.

मागच्या आठवड्यात बेकरीवरच्या बाईंना फोन केला होता. म्हटलं, किती ते दुप्पट सांगा, बहिणीला मालक करा, झक मारली आणि पैसे वाचवले. पैसे पाठवायला फोन हातात घेतला तर तुझ्या वहिनीने हात धरला. म्हणाली, मालक होत्या तेव्हा वर्षभर एक शब्द बोलल्या नाहीत. भाडेकरू झाल्यापासून आठवड्याला भांडतात. राहू द्या आहे तसं. बाईंना विचारलं काय करू, तर त्या म्हणाल्या तुमच्या मिसेस बरोबर सांगताहेत, लहानच प्लॅन ठेवा. या बाईंचा धंदा चालतो कसा, मला कळत नाही.

आणि आज सकाळी तुझ्या दोन तक्रारी एकदम आल्या. पहिली तुझ्या वहिनीने वाचली. "जिन्याखाली परक्याची कपाटं ठेवलेली आहेत. भाडेकरूंना आणि सायकलीला अडचण होते. त्याला तसे मी कळवले आहे. आज हटवावीत."

वहिनीने ती पुन्हा वाचली. मग मी फोन हातात घेऊन वाचली. 'त्याला तसे मी कळवले आहे' यावर मी बराच वेळ बोट ठेवून होतो. तेवढ्यात पडदा विझला, पुन्हा लावला.

कपाटं काढली, ताई. शिंपी मास्तर एका बाजूला, पार्सलवाले दोघे भाऊ दुसऱ्या बाजूला, आणि शाळेतल्या बाई सूचना द्यायला. मी हात लावला नाही, लावू दिला नाही कुणी. फर्निचरवाला दुकानाच्या दारात उभा होता. म्हणाला, आमचं बोलणं झालं होतं. मी म्हटलं, भाडेकरूची तक्रार आहे हो, मी काय करणार, मी साधा मालक. कपाटं त्याच्या दारात उभी करून आलो. मला त्यात जेवढा आनंद झाला तेवढा होऊ नये, पण झाला.

दुसरी तक्रार मी एकट्याने वाचली. "गच्चीवरच्या खोलीची किल्ली भाडेकरूकडे नाही. भाडेकरू रविवारी संध्याकाळी पोचते आहे. कुणीतरी किल्ली घेऊन खाली थांबावे."

थांबावे काय? मी काय पहारेकरी आहे? येतेस हे फोनवर सांगायला काय झालं होतं? विमान किती वाजता, सामान किती, आणायला येऊ की नको, काही नाही. तक्रार म्हणून नोंदवायची. आता ही मिटणार कशी, फोटो कसला पाठवू?

हे पत्र टपालात टाकत नाही, तू निघाल्यावर ते तुझ्या बंद दाराशी जाऊन पडेल. तुझ्या कागदपत्रांत ठेवतो, एप्रिलच्या हिशोबाखाली. वाटेत वाच. चादर बदलली आहे, पण घडी वहिनीची आहे, तुझ्यासारखी येत नाही तिला. कॅलेंडर नवीन लावलंय. जिन्यात उजेड आहे.

मार्चमध्ये मागितलेली पावती दिली नव्हती. आज लिहून किल्लीला बांधून ठेवली आहे. 'गच्चीवरच्या खोलीचं भाडं मिळालं.' सही केलेली नाही. रविवारी खाली उभा असेन, तिथे करीन.

तुझा लांबकान्या